लिनक्सवर मराठी चालत नाही?

नाशकात लग्नपत्रिका छापायला गेलात की डीटीपीवाला हमखास सांगणार, ‘लिनक्सवर मराठी चालत नाही हो.’ लिनक्स म्हणजे विंडोजसारखीच संगणक चालवणारी प्रणाली. तिच्यावर मराठी चालते की! घोळ आहे तो जुन्या फॉन्टचा. त्यात फाइलमध्ये साठतात इंग्रजी अक्षरांचे आकडे. फॉन्ट त्यांवर नुसता मराठी मुखवटा चढवतो. फॉन्ट नसला, की ‘चि. सौ. कां.’च्या जागी भलतंच काहीतरी. विंडोजवरही हेच होतं, पण तिथे फॉन्ट आधीच टाकलेला असतो, म्हणून बोल लिनक्सला. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, ‘क’ला स्वतःचा क्रमांक आहे, ०९१५, तोही १९९१पासून. सगळीकडे तोच. लिनक्सच्या सेटिंगमध्ये इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरलेला कळफलक, जोडा. इंग्रजी ‘के’ची कळ दाबा, ‘क’ उमटेल. जुन्या फाइली मात्र कन्व्हर्टरमधून, म्हणजे जुन्या फॉन्टचा मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅममधून, काढाव्या लागतात. तेव्हा रफार तेवढा तपासा, तो घसरतो.