पशुवैद्यकीय दूरसेवा

फोन, व्हिडिओ कॉल किंवा छायाचित्रे यांच्या आधारे आजारी जनावराचे निदान व औषधयोजना करण्याची पद्धत. आहार, लसीकरण यांविषयीचा सर्वसाधारण सल्ला सहसा नियमांच्या कक्षेबाहेर राहतो. वाद आहे तो न पाहिलेल्या जनावराला औषध लिहून देण्याचा.

या नियमनाचा पाया म्हणजे अमेरिकेतील ‘पशुवैद्यक–पशुपालक–रुग्ण संबंध’ (व्हीसीपीआर) ही संकल्पना. तिचा उगम साधारणतः १९८० च्या दशकातील, लेबलबाह्य औषधवापराविषयीच्या (लेबलवर न दिलेल्या कारणासाठी किंवा जनावरासाठी औषध वापरण्याविषयीच्या) धोरणांत दिसतो; १९९४ च्या कायद्यानंतर ती संघीय नियमांत आली. पशुवैद्यकाने जनावर नुकतेच तपासलेले असावे किंवा ते ठेवतात त्या जागी वेळोवेळी भेट दिलेली असावी, अशी तिची अट आहे. अटीमागचे कारण गोठ्यात चटकन कळते. दगडी (कासेचा दाह) झालेल्या गाईची सुजलेली कास पडद्यावर दिसते, पण तिचा कडकपणा व ऊब हाताला लागत नाही. डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खोलगट भागावर) मूठ दाबून पोटाची हालचाल मोजायची, तर तेथे माणूसच हवा.

करोनाकाळात, मार्च २०२० मध्ये, अमेरिकेच्या संघीय औषध प्रशासनाने (एफडीए) ही अट शिथिल केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये सवलत मागे घेतली. राज्यांचे कायदे मात्र वेगळ्या वाटेने गेले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून थेट व्हिडिओ संवादातूनही हा संबंध प्रस्थापित करता येतो. अशा वेळी प्रतिजैविके जास्तीत जास्त १४ दिवसांची देता येतात. नियंत्रित औषधांसाठी (गैरवापराच्या धोक्यामुळे कायद्याने निर्बंध घातलेल्या) प्रत्यक्ष तपासणीच लागते.

टेक्सासमधील निवृत्त पशुवैद्यक रोनाल्ड हाइन्स यांचा खटला या विषयात वारंवार उद्धृत होतो. ते इंटरनेटवरून सल्ला देत, औषधे लिहून देत नसत. तरीही जनावर न तपासता सल्ला दिल्याबद्दल २०१३ मध्ये राज्याच्या पशुवैद्यक मंडळाने त्यांच्यावर कारवाई केली. पाचव्या सर्किटच्या (टेक्सास ज्याच्या कक्षेत येते त्या) संघीय अपील न्यायालयाने २०१५ मध्ये मंडळाची बाजू उचलून धरली, तर २०२४ मध्ये, दुसऱ्या दाव्यात, त्यांच्यापुरता प्रत्यक्ष तपासणीचा हा नियम अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग करणारा ठरवला. या निकालाने प्रत्यक्ष तपासणीची अटच रद्द झाली, असे काही जण मानतात; निकाल सल्ल्यापुरता आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

ब्रिटनमध्ये रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या पशुवैद्यकांच्या नियामक संस्थेच्या १ सप्टेंबर २०२३ पासूनच्या मार्गदर्शनानुसार तपासणीची गरज बव्हंशी पशुवैद्यकाच्या विवेकावर सोपवली आहे. प्रतिजैविके व नियंत्रित औषधे देताना मात्र, अपवादात्मक परिस्थिती वगळता, ती आवश्यक मानली जाते.

भारतात भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ च्या कलम ३० अन्वये पशुवैद्यकीय व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यकांपुरता राखीव आहे. किरकोळ सेवांसाठी त्यात अपवाद आहे. २५ मार्च २०२० ची टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वे माणसांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहेत. महाराष्ट्रात १९६२ या निःशुल्क क्रमांकावर फोन केल्यास फिरते पशुवैद्यकीय पथक बोलावता येते.