भारतीय लायसन्स असताना आयरिश लायसन्स कसे काढाल: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाचा क्रम

डब्लिन शहरात बस, लुआस (ट्राम) आणि डार्ट (लोकल रेल्वे) यांवर बऱ्यापैकी भागते. पण नोकरी लेटरकेनीच्या रुग्णालयात असेल किंवा घर मेयोतल्या एखाद्या गावात मिळाले असेल, तर रात्रपाळी संपल्यावर घरी आणायला बस मिळेलच असे नाही. तिथे गाडीशिवाय चालत नाही. म्हणून इकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते: लायसन्सचे काम आल्या-आल्या हातात घ्या, आणि त्यातला एक कागद तर महाराष्ट्रातून निघण्यापूर्वीच काढून ठेवा.

आधी मूळ मुद्दा. भारतीय लायसन्स देऊन आयर्लंडमध्ये आयरिश लायसन्स बदलून मिळत नाही. युरोपीय संघातले देश, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जपान, दक्षिण आफ्रिका अशा ठरावीक देशांच्या लायसन्सना ती सोय आहे. भारत त्या यादीत नाही. पुणे-मुंबई एक्स्प्रेसवेवर वर्षानुवर्षे गाडी चालवलेली असली, तरी इथे सुरुवात थिअरी परीक्षेपासूनच होते.

तरीही भारतीय लायसन्स निरुपयोगी ठरत नाही. भेटीला आलेल्या माणसाला ते चालू मुदतीचे असेपर्यंत, जास्तीत जास्त १२ महिने, त्यावर गाडी चालवता येते. मुलाकडे किंवा लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांना हे लागू होते. मात्र मूळ लायसन्स जवळ हवे आणि गाडीच्या विम्यात त्यांचे नाव चालक म्हणून आधी घालून घ्यायला हवे. भारतातून निघताना आरटीओकडून इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिटही घ्यावे. त्याची मुदत एक वर्ष असते, आणि ते मूळ लायसन्ससोबतच दाखवायचे असते. गाडी भाड्याने घेणार असाल, तर चालकाच्या वयाची अट बुकिंगपूर्वीच विचारा. सत्तरी ओलांडलेल्यांची ऐन विमानतळावर अडचण होऊ शकते.

भारतीय लायसन्सचा दुसरा उपयोग फार जणांना ठाऊक नसतो, आणि पैसा व वेळ दोन्ही त्यातच वाचतात. नव्या शिकाऊ चालकाला इथे ईडीटी नावाचे सक्तीचे प्रशिक्षण पुरे करावे लागते: मान्यताप्राप्त प्रशिक्षकाबरोबर प्रत्येकी एक तासाचे १२ धडे. शिवाय लर्नर परमिट मिळाल्यापासून सहा महिने ड्रायव्हिंग टेस्ट देता येत नाही. पण ज्या देशाचे लायसन्स बदलून मिळत नाही, अशा देशाचे पूर्ण लायसन्स तुमच्याकडे आधीपासून असेल, तर रोड सेफ्टी ऑथॉरिटीकडे, म्हणजे आरएसएकडे, अर्ज करून १२ ऐवजी ६ धडे आणि सहा महिन्यांच्या अटीतून सूट मागता येते.

त्यासाठी आरएसए लायसन्स देणाऱ्या कार्यालयाचे पत्र मागते: लायसन्स पहिल्यांदा कधी दिले, कोणत्या प्रकारच्या वाहनांसाठी, आणि ते चालू आहे की नाही. नुसती लायसन्सची झेरॉक्स पुरत नाही. आपल्याकडे याला सर्वांत जवळचा कागद म्हणजे आरटीओचा डीएल एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे लायसन्सच्या नोंदीचा उतारा. परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर त्याचा अर्ज होतो. तो घेताना आरटीओ अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असलेली प्रत मागा, आणि त्यावरचे नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे तिथेच उभे राहून तपासा. लग्नानंतर पासपोर्टवर नाव बदलले आणि लायसन्सवर माहेरचेच राहिले, असे पुष्कळ बायकांचे असते. तसे असेल तर नाव दुरुस्त करून घ्या आणि मगच एक्स्ट्रॅक्ट काढा. जुने पुस्तकी लायसन्स असेल, तर त्याची नोंद सारथीवर नसण्याची शक्यता असते. मग आधी बॅकलॉग एंट्री करून घ्यावी लागते आणि त्यात दिवस जातात. ही कामे आयर्लंडमध्ये बसून, गावाकडच्या भावाला आरटीओत खेटे घालायला लावून करण्यापेक्षा स्वतः जाऊन केलेली बरी. हे पत्र फार जुने झालेले चालत नाही, म्हणून निघण्याच्या सुमारासच काढा.

आता आयर्लंडमधला क्रम.

पात्रता साधी आहे. वय १७ पूर्ण, आयर्लंडमध्ये नेहमीचे वास्तव्य, पीपीएस नंबर (सरकारी कामांसाठीचा वैयक्तिक क्रमांक) आणि, आपण युरोपीय संघाबाहेरचे असल्याने, चालू मुदतीचे आयआरपी कार्ड (इथल्या वास्तव्याच्या परवानगीचे कार्ड). निव्वळ भेटीच्या व्हिसावर आलेल्यांसाठी ही प्रक्रिया नाही.

थिअरी परीक्षा ४५ युरोंची. ४० प्रश्न, ४५ मिनिटे, आणि उत्तीर्ण व्हायला ३५ उत्तरे बरोबर हवीत. परीक्षा केंद्रावर जाऊन देता येते, घरून ऑनलाइनही देता येते. निकालाचे प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची, त्यामुळे बरेच ओळखीचे वाटेल. गुण जातात ते आकड्यांत आणि स्थानिक नियमांत. मोटारवेवर (आपल्या एक्स्प्रेसवेसारख्या रस्त्यावर) ताशी १२० किलोमीटर, राष्ट्रीय मार्गांवर बहुतेक ठिकाणी १००, आणि अरुंद ग्रामीण लोकल रस्त्यांवर ६०. या शेवटच्या रस्त्यांवर फेब्रुवारी २०२५ पर्यंत ८० ची मर्यादा होती. जुन्या प्रश्नसंचावर अभ्यास करत असाल तर एवढे नक्की पडताळा.

त्यानंतर लर्नर परमिट. ते एनडीएलएस, म्हणजे राष्ट्रीय चालक परवाना सेवा, देते. पब्लिक सर्व्हिसेस कार्ड (सरकारी सेवांसाठीचे कार्ड) आणि पडताळणी झालेले माय-गव्ह-आयडी खाते (सरकारी सेवांचे ऑनलाइन खाते) असेल तर अर्ज ऑनलाइन होतो. नसेल तर एनडीएलएस केंद्राची वेळ घेऊन जायचे. सोबत लागते: थिअरीचे प्रमाणपत्र, डोळे तपासणीचा अहवाल (डी ५०२ फॉर्म), पासपोर्ट आणि आयआरपी कार्ड, पीपीएस नंबरचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि शुल्क. डोळ्यांच्या अहवालावर महिन्याच्या आतलीच तारीख हवी, म्हणून ऑप्टिशियनकडे आधी केंद्राची वेळ पक्की करून मग जा. पत्त्याच्या पुराव्यातही बरेच जण अडकतात. वीजबिल नवऱ्याच्या नावावर, भाडेकरार घरातल्या दुसऱ्याच माणसाच्या नावावर, अशी स्थिती असते. बँकेचे किंवा एखाद्या सरकारी खात्याचे तुमच्या स्वतःच्या नावाचे पत्र घरी येईल अशी तजवीज पहिल्या महिन्यातच करून ठेवा.

परमिट दोन वर्षांसाठी मिळते आणि त्याबरोबर शिकाऊ चालकाचे सगळे नियम येतात. गाडीला पुढे-मागे एल पाटी, शेजारी किमान दोन वर्षे पूर्ण लायसन्स असलेली व्यक्ती, आणि मोटारवेवर पूर्ण बंदी. भारतात गाडी चालवत होतो हे कारण गार्डासमोर, म्हणजे आयरिश पोलिसासमोर, टिकत नाही. शिकाऊ चालक एकटा सापडला, तर गाडी जागेवर जप्त होऊ शकते, आणि २०१८ पासून अशाला गाडी देणाऱ्या मालकावरही गुन्हा दाखल होतो. मैत्रीखातर गाडी देणाऱ्याला त्यात ओढू नका.

परमिट आले की त्याच आठवड्यात दोन अर्ज करा: कमी धड्यांच्या सवलतीचा आणि ड्रायव्हिंग टेस्टचा. टेस्टचे शुल्क ८५ युरो. खरी वाट पाहावी लागते ती इथेच. सरासरी प्रतीक्षा दहा आठवड्यांवर ठेवायचे आरएसएचे उद्दिष्ट आहे, पण २०२५ च्या पूर्वार्धात ती त्याच्या दुपटीहून जास्त होती. रांगेत नाव लवकर लागले की धडे त्या अवधीत होऊन जातात.

टेस्टबद्दल मनापासून एक सांगायचे आहे. आपल्याकडचे अनुभवी चालक इथे नापास होतात ते गाडी येत नाही म्हणून नव्हे. परीक्षक दिसण्याजोगी कृती शोधत असतो: निघताना आरसा, मग मान वळवून खांद्यावरून मागे पाहणे, मग सिग्नल. नुसती नजर फिरवली तर ती त्याच्या हिशेबी धरली जाईलच असे नाही. राउंडअबाउटवर लेन कोणती धरली, उजवीकडून येणाऱ्याला वाट दिली का, बाहेर पडण्यापूर्वी डावा सिग्नल दिला का, हे बारकाईने पाहिले जाते. आणि भीतीपोटी ५० च्या रस्त्यावर ३० ने रेंगाळणे हीसुद्धा चूक धरतात. सहा धडे पुरे झाले तरी टेस्ट केंद्राच्या आसपासच्या रस्त्यांवर एक-दोन जादा तास घ्या. परीक्षेच्या नमुन्यावर घेतलेली सराव टेस्ट तर घ्याच.

चुका तीन श्रेणींत मोजतात. गंभीर चूक एक झाली तरी नापास. मधल्या श्रेणीच्या एकूण नऊ झाल्या तरी नापास. किरकोळ चुकांनी निकाल बदलत नाही, तेव्हा एखादे गियर चुकले म्हणून खचून जाऊ नका. टेस्टला गाडी तुम्हीच न्यायची. तिचा विमा, मोटर टॅक्स आणि, गाडी चार वर्षांहून जुनी असेल तर, एनसीटी (गाडीची सक्तीची तपासणी) चालू मुदतीत हवे. मागचा दिवा बंद असला तरी टेस्ट रद्द होऊ शकते आणि शुल्क जाते. ऑटोमॅटिक गाडीवर टेस्ट दिलीत, तर लायसन्स फक्त ऑटोमॅटिकपुरते मिळते. भारतात गियरची गाडी चालवत होतात, तर टेस्टही गियरवरच द्या.

भारतीय लायसन्सवर दुचाकी असली तरी तिचा इथे वेगळा मार्ग आहे: वेगळे परमिट आणि आयबीटी हे वेगळे प्राथमिक प्रशिक्षण.

पास झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. ते दोन वर्षांच्या आत एनडीएलएसकडे देऊन पूर्ण लायसन्स घ्यायचे असते. लायसन्स मिळाल्यावर पुढची दोन वर्षे गाडीला एन पाटी (नव्या चालकाची खूण) लावावी लागते. या काळात दारूची मर्यादा शिकाऊ चालकाइतकीच कडक असते आणि सात पेनल्टी पॉइंट झाले की लायसन्स निलंबित होते. विमा कंपनीला मात्र लायसन्स हाती येताच कळवा, कारण शिकाऊ चालकाच्या दराने भरलेला हप्ता त्यामुळे कमी होऊ शकतो. भारतातल्या विमा कंपनीकडून नो-क्लेम बोनसचे पत्रही मागवून पुढे करा. सगळ्या कंपन्या ते धरत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत.