जुनी हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला लावली की फॉरमॅट करावीच लागते?

मुळीच नाही. हा समज विंडोज एक्सपीच्या काळातला. तेव्हा मदरबोर्ड बदलला की डिस्क कंट्रोलरचा ड्रायव्हर (तो भाग चालवणारा प्रोग्राम) जुळायचा नाही आणि विंडोज अडकून निळा एरर स्क्रीन यायचा. विंडोज १० आणि ११ बहुतेकदा पहिल्या बूटलाच नवं हार्डवेअर ओळखतात.

अडतं ते भलतीकडेच. जुनी डिस्क एमबीआर (डिस्कवरच्या भागांची नोंद ठेवायची जुनी रीत) पद्धतीची आणि नवा बोर्ड फक्त यूईएफआयने (कॉम्प्युटर सुरू करायची नवी पद्धत) बूट करणारा असेल, तर तिच्यावरून विंडोज सुरूच होत नाही. डिस्क बिघडलेली नसते! जुन्या मशीनवरच बॅकअप घेऊन विंडोजचं एमबीआरटूजीपीटी हे डिस्क नव्या जीपीटी पद्धतीत बदलणारं टूल चालवा. डेटा जागच्या जागी राहतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधी लिहून ठेवा.

नुसते फोटो हवेत? डिस्कची साटा (डिस्क बोर्डला जोडणारी) डेटा केबल आणि पॉवर केबल, दोन्ही जोडा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटने ‘इनिशियलाइझ’ (डिस्क कोरी समजून नव्याने तयार करू का) विचारलं तर कृपा करून ‘ओके’ दाबू नका.