डब्ल्यूएम (मोटारशर्यत संघ)

डब्ल्यूएम : दीर्घ पल्ल्याच्या मोटारशर्यतींतील एक फ्रेंच संघ आणि शर्यती गाड्यांचा रचनाकार. जेरार वेल्टेर (१९४२–२०१८) व मिशेल मोनिए या प्यूजो कंपनीतील दोन सहकाऱ्यांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांच्या शर्यतीत हा संघ १९७६ ते १९८९ या काळात उतरत असे आणि त्याच्या गाड्या जवळजवळ त्या एकाच शर्यतीसाठी बांधलेल्या असत. एकूण क्रमवारीत चौथ्या स्थानापुढे (१९८०) त्याला कधी जाता आले नाही. तरीही ल मांच्या इतिहासात डब्ल्यूएमची नोंद ठळक अक्षरांत होते ती ११ जून १९८८ रोजी युनोदिएरच्या सरळ रस्त्यावर मोजल्या गेलेल्या ताशी ४०५ किमी. या वेगामुळे. हा आकडा नेमका किती विश्वसनीय आहे, याविषयी मतभेद आहेत.

स्थापना : संघाचा आरंभ कोणत्या वर्षी धरावा याबद्दल एकवाक्यता नाही. वेल्टेर १९६०च्या सुमारास प्यूजोच्या रेखाटन विभागात दाखल झाले. दशकाच्या अखेरीस त्यांनी फावल्या वेळात प्यूजो २०४ या छोट्या घरगुती गाडीचे भाग वापरून एक शर्यती गाडी उभी केली. ती ‘पी६९’ या नावाने ओळखली जाते आणि संघाच्या सर्व गाड्यांच्या नावात वर्षाचे शेवटचे दोन अंक येत असल्याने काही लेखक १९६९ हेच स्थापनावर्ष मानतात. हे मत गाडीच्या वंशावळीपुरते बरोबर आहे. ल मांमध्ये उतरणारा संघ या अर्थाने मात्र आरंभ १९७६ पासून धरणे सयुक्तिक ठरते, कारण त्या वर्षी पॅरिसच्या पूर्वेकडील तोरिन्यी-सुर-मार्न येथील कार्यशाळेत तयार झालेल्या पी७६ गाड्या प्रथमच तेथे धावल्या. आयोजक ‘ऑतोमोबिल क्लब द ल्वेस्त’ने त्याच वर्षी बंद टपाच्या प्रोटोटाइप (खास शर्यतीसाठी बांधलेल्या) गाड्यांसाठी ‘जीटीपी’ हा नवा वर्ग सुरू केला होता. बड्या कारखान्यांचा पैसा पाठीशी नसलेल्या फ्रेंच मंडळींना या वर्गामुळे दार उघडले. ल मां शहरातलेच चालक व गाड्यांचे रचनाकार झाँ रोंदो यांचा उदयही याच वर्गातून झाला.

डब्ल्यूएमला प्यूजोचा अधिकृत कारखाना-संघ म्हणणे चूक आहे. संघातले बहुतेक लोक दिवसा नोकरी करणारे आणि संध्याकाळी व शनिवार-रविवारी कार्यशाळेत येणारे होते. इंजिनाचे भाग, सल्ला आणि थोडीबहुत मदत कंपनीकडून मिळे. हे नाते कागदावर कितपत होते आणि ओळखीपाळखीवर कितपत, हे वर्षागणिक बदलत गेलेले दिसते. प्यूजो स्वतः कारखाना-संघ घेऊन ल मांला उतरली ती पुढे ९०५ या गाडीनिशी, झाँ तोद यांच्या नेतृत्वाखाली, आणि १९९२ व १९९३ ची शर्यत तिने जिंकली. त्या यशाचा डब्ल्यूएमशी थेट संबंध नाही.

इंजिन : पहिल्या पी७६ पासून शेवटच्या गाडीपर्यंत डब्ल्यूएमने एकाच कुळातले इंजिन वापरले. प्यूजो, रेनो व व्होल्वो या तीन कंपन्यांनी मिळून उत्तर फ्रान्समधील दूव्रँ येथे बनवलेले हे ‘पीआरव्ही’ व्ही६ (‘व्ही’ अक्षरासारख्या मांडणीतल्या सहा सिलिंडरांचे) इंजिन १९७४ पासून रस्त्यावरच्या गाड्यांत बसू लागले. त्याचे मूळ आकारमान २,६६४ घ. सेंमी. होते आणि दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांमधला कोन ९० अंशांचा होता. सहा सिलिंडरांना ६० अंश अधिक सोयीचे असताना ९० का, याचे प्रचलित स्पष्टीकरण असे की आरेखन मुळात आठ सिलिंडरांचे होते आणि १९७३ च्या तेलसंकटाच्या सुमारास त्यातले दोन कमी झाले. त्यामुळे सुरुवातीच्या आवृत्तीत सिलिंडरांतले स्फोट सारख्या अंतराने होत नसत आणि इंजिनाचा ठेका किंचित लंगडता असे. १९७८ ची ल मां जिंकणाऱ्या रेनो आल्पीनचे इंजिनही व्ही६ होते, पण ते वेगळ्या वंशाचे. काही लोकप्रिय लेखनात या दोहोंची गल्लत आढळते.

प्यूजो ६०४ सारख्या प्रतिष्ठित प्रवासी गाडीसाठी बनलेल्या या इंजिनाला टर्बोचार्जर (सिलिंडरांत जादा हवा दाबून भरणारे यंत्र) जोडून त्यातून मूळच्या कित्येक पट शक्ती काढणे, हेच डब्ल्यूएमचे बारा-तेरा वर्षांचे काम म्हणता येईल. दोन टर्बोचार्जर, वाढत नेलेले आकारमान (अखेरीस सुमारे ३ लिटर) आणि चढता हवादाब यांच्या जोरावर १९८८ पर्यंत ९०० अश्वशक्तीचा टप्पा ओलांडला गेला. टिकाऊपणा मात्र त्या प्रमाणात वाढला नाही, आणि बहुतेक वर्षी गाड्या चोवीस तास पुऱ्या करण्याआधीच थांबल्या.

शर्यतींतील कामगिरी : १९८० साली गी फ्रेकेलँ व रोजे दोर्शी यांनी चौथे स्थान मिळवले. त्याच वर्षी झाँ रोंदो यांनी झाँ-पिएर जोसो यांच्या जोडीने स्वतःच्या नावाच्या गाडीत विजय मिळवल्याने डब्ल्यूएमच्या यशाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. १९८१ साली बेल्जियन चालक तिएरी बुत्सेन यांच्या पी८१ गाडीला शर्यत सुरू झाल्यावर थोड्याच वेळात युनोदिएरच्या सरळ रस्त्यावर मोठा अपघात झाला. त्यात एका मार्शलचा (ट्रॅकलगतच्या सुरक्षा-कर्मचाऱ्याचा) मृत्यू झाला व इतर मार्शल जखमी झाले. बुत्सेन बचावले. त्याच दिवशी त्याच रस्त्यावर चालक झाँ-लुई लाफोस यांचाही रोंदो गाडीतून मृत्यू झाला. १९८४ मध्ये दोर्शी यांनी शर्यतीच्या प्रारंभी काही काळ सर्वांच्या पुढे धाव घेतली, पण ती आघाडी टिकणारी नव्हती. उरलेल्या वर्षांबद्दल निकालपत्रकांत बहुधा ‘शर्यत सोडली’ एवढाच शेरा आहे.

ताशी ४०० चे लक्ष्य : १९८२ पासून लागू झालेल्या ‘ग्रूप सी’ या प्रोटोटाइप गाड्यांच्या वर्गाच्या नियमांनी इंधनाचा कोटा ठरवून दिला. जो संघ हवादाब वाढवून शक्ती काढील त्याचे पेट्रोल चोवीस तास पुरणार नाही, अशी ती रचना होती. पोर्श व जॅग्वारसारखे संघ या कोट्यात जास्तीत जास्त अंतर कसे कापता येईल याचे गणित करत. डब्ल्यूएमच्या मंडळींनी १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात निराळा निर्णय घेतला. एकूण विजय आवाक्याबाहेर आहे हे ओळखून त्यांनी शर्यतीदरम्यान ताशी ४०० किमी.चा वेग नोंदवणे एवढेच उद्दिष्ट ठेवले. एखाद्या संघाने शर्यतीत उतरून शर्यतच बाजूला ठेवल्याचे इतके उघड उदाहरण ल मांच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

युनोदिएर हा एरवी सार्वजनिक वाहतुकीचा रस्ता. ल मां शहराच्या दक्षिणेला तेर्त्र रूज वळणापासून मुल्सान वळणापर्यंत तो जवळजवळ सहा किलोमीटर सरळ जातो. शेवटाकडे एक बारीक उजवे वळण आणि एक उंचवटा आहे, आणि लगेच पुढे मुल्सानचे संथ उजवे वळण. वेगाच्या दृष्टीने मोठी अडचण हवेच्या अवरोधाची. तो ओलांडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ताशी ३५० वरून ४०५ किमी. गाठायचे तर, गाडीचा आकार तोच राहिल्यास, सुमारे दीडपट शक्ती लागते. म्हणून पी८७ व पी८८ या गाड्यांचे अंग वातविवरात (विंड टनेलमध्ये) तपासून अरुंद व लांबट केले गेले आणि मागची चाके पूर्णपणे झाकली गेली. अवरोध कमी करताना गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा दाबही कमी होतो. त्यामुळे वळणांत या गाड्या स्पर्धकांपेक्षा मंद पडत.

१९८७ साली शर्यतीआधी पी८७ गाडीने वाहतुकीला अजून न खुल्या झालेल्या महामार्गाच्या तुकड्यावर ताशी ४१६ किमी. गाठल्याचे सांगितले जाते. प्रत्यक्ष शर्यतीत मात्र ३८१ च्या आसपासचा आकडा पुढे आला. त्या वर्षी पुरवलेल्या पेट्रोलच्या दर्जावरून टर्बो इंजिने असलेले अनेक संघ अडचणीत आले होते आणि डब्ल्यूएमही त्यातलाच एक.

११ जून १९८८ रोजी पी८८ गाडीचा सुरुवातीचा बराच वेळ दुरुस्तीत गेला. संध्याकाळी दोर्शी पुन्हा ट्रॅकवर उतरले तेव्हा निकालाची आशा उरली नव्हती. टर्बोचा दाब चढवला गेला, थंड हवा आत घेणारी काही तोंडे चिकटपट्टीने बंद केली गेली आणि गाडीने रडारसमोरून ताशी ४०५ किमी. वेग नोंदवला. हे सेकंदाला ११२.५ मीटर होतात. इंजिनाला थंड ठेवणारी वाटच बंद केल्यावर गाडी फार काळ टिकणे शक्य नव्हते, आणि सुमारे साठ फेऱ्या होण्याच्या आत ती बाद झाली. शर्यत जॅग्वारने जिंकली.

आकड्याचा वाद : बहुतेक संदर्भग्रंथ ताशी ४०५ किमी. एवढेच देतात. दुसऱ्या मतानुसार रडारवर ४०७ उमटले होते आणि ४०५ हा आकडा जाहीर करण्यामागे व्यापारी सोय होती. प्यूजोने १९८७ मध्ये ४०५ ही नवी मध्यम आकाराची गाडी बाजारात आणली होती आणि ती १९८८ ची ‘युरोपची सर्वोत्तम गाडी’ ठरली होती. त्या जाहिरातीला असा आकडा आयताच मिळाला. वेगाचा दावा करणारे लोक आकडा वाढवून सांगतात, घटवून नव्हे. इथे तो खाली ओढला गेल्याचे सांगितले जाते आणि त्याला पटण्याजोगे कारणही दिसते, म्हणून प्रत्यक्ष वाचन ४०७ असावे या मताकडे झुकते माप द्यावेसे वाटते. उलट बाजूने असे म्हणता येईल की ‘घटवलेल्या आकड्या’ची कथा विक्रमापेक्षा जास्त आकर्षक आहे आणि अशा कथा मागाहून रंगत जातात. दोन किलोमीटरांचा हा फरक अर्ध्या टक्क्याहून कमी आहे. एका ठिकाणी, एका क्षणी रडारने टिपलेल्या वेगात एवढ्या फरकावर पैज लावण्यात फारसा अर्थ नाही. प्रस्तुत नोंदीत अधिकृत म्हणून ४०५ हाच आकडा धरला आहे. गंमत अशी की प्यूजोची ४०७ नावाची गाडीही पुढे, २००४ मध्ये आली आणि त्या वेळी कंपनीच्या शैली विभागाचे प्रमुख स्वतः वेल्टेरच होते.

महामार्गावरील ४१६ चा आकडा या तुलनेत घेऊ नये. मोकळ्या रस्त्यावर हवी तेवढी धाव घेऊन केलेली चाचणी आणि वळणातून बाहेर पडून, इतर गाड्यांच्या गर्दीत केलेली धाव यांची प्रत भिन्न आहे. १९९० च्या शर्यतीपासून युनोदिएरच्या सरळ रस्त्यावर दोन शिकेन, म्हणजे वेग तोडणारी मुद्दाम केलेली वळणे, आली. ट्रॅकवर दोन किलोमीटरपेक्षा लांब अखंड सरळ भाग नसावा असा आंतरराष्ट्रीय मोटारक्रीडा महासंघाचा आग्रह त्यामागे होता. तेव्हापासून हा विक्रम मोडण्याची भौतिक शक्यताच उरलेली नाही.

वेल्टेर रेसिंग : १९८९ मध्ये पी४८९ या गाड्यांनंतर डब्ल्यूएम हे नाव संपले आणि मोनिए बाजूला झाले. वेल्टेर यांनी ‘डब्ल्यूआर’ (वेल्टेर रेसिंग) या नावाने उघड्या टपाच्या, छोट्या व हलक्या गाड्या बनवणे चालू ठेवले. त्यांचा उगम प्यूजो ९०५ स्पायडर या फ्रेंच मालिकेतल्या गाड्यांत आहे. दोन लिटरच्या टर्बो इंजिनावर चालणाऱ्या या गाड्यांनी १९९५ साली ल मांच्या प्रारंभरांगेतली पहिली दोन्ही स्थाने पटकावली. पहिल्या क्रमांकाची वेळ विल्यम दाव्हिद यांची होती. निव्वळ क्रीडागुणांच्या दृष्टीने हे यश ४०५ च्या आकड्यापेक्षा सरस ठरावे, पण वाङ्मयात त्याला तेवढी जागा मिळालेली नाही. १९९७ च्या पात्रता-चाचणीत सेबास्तियाँ आंजोल्रास या तरुण चालकाचा डब्ल्यूआर गाडीच्या अपघातात मृत्यू झाला. अंगाचा मागचा भाग निखळल्याने गाडी उडाल्याचे मानले जाते. संघाने त्या वर्षीच्या शर्यतीतून माघार घेतली आणि पुढे प्रोटोटाइप गाड्यांना एकसंध अंग वापरण्यास मनाई झाली.

यानंतरच्या वर्षांचा तपशील विरळ आहे. संघ २०१० पर्यंत अधूनमधून ल मांला दिसत राहिला. जैव मिथेनवर चालणाऱ्या गाडीने २०१७ मध्ये परतण्याची योजना जाहीर झाली होती, ती प्रत्यक्षात आली नाही.

वेल्टेर यांचे नाव सामान्य फ्रेंच माणसाला शर्यतींपेक्षा प्यूजो २०५ (१९८३) या गाडीच्या बाह्यरूपामुळे अधिक परिचित आहे. १९९८ ते २००७ या काळात त्यांनी कंपनीचा शैली विभाग सांभाळला आणि ३१ जानेवारी २०१८ रोजी त्यांचे निधन झाले. डब्ल्यूएम व डब्ल्यूआर यांच्या ल मांमधील सहभागांची गणना काही सारण्यांत एकत्र, तर काहींत स्वतंत्र केलेली आढळते. मोनिए यांचा सहभाग १९८९ लाच संपत असल्याने ती स्वतंत्र ठेवणे अधिक योग्य.