अभिजात कादंबरीतील समानुभूती

दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवून त्याचे सुखदुःख आतून जाणणे म्हणजे समानुभूती. कीव वरून खाली पाहते, समानुभूतीत ती उंची उरत नाही. कादंबरीत ती साधते की नाही, हे लेखकाच्या कळवळ्यापेक्षा निवेदनावर अधिक ठरते: वाचकाला कोणाच्या मनात शिरू दिले जाते आणि कोणाच्या दाराशीच थांबवले जाते. वंश, वर्ग आणि लिंगभाव यांची उतरंड अनेकदा इथेच उघडी पडते.

जॉर्ज एलियटला (मूळ नाव मेरी ॲन इव्हान्स) याचे पुरते भान होते. ‘मिडलमार्च’च्या (१८७१–७२) एकोणतिसाव्या प्रकरणाचे पहिलेच वाक्य नायिकेपासून सुरू होते आणि मध्येच अडते: पण दरवेळी डोरोथीयाच का? मग निवेदन वळते तिच्या रुक्ष, वाचकाला एव्हाना नकोशा झालेल्या नवऱ्याकडे.

शार्लट ब्राँटेच्या ‘जेन एअर’मध्ये (१८४७) पोरकी, निर्धन गव्हर्नेस (घरी राहून मुलांना शिकवणारी बाई) मालकाला तोंडावर विचारते, मी गरीब आणि रूपाने साधी, म्हणून मला मन नाही असे वाटते का? त्याच घराच्या तिसऱ्या मजल्यावर मालकाची जमैकातून आणलेली पहिली बायको, बर्था, कोंडलेली आहे. तिचे हसणे आणि गुरगुरणे ऐकू येते. तिची बाजू तिच्या तोंडून कधीच येत नाही. ती बाजू डॉमिनिकात जन्मलेल्या जीन ऱ्हीसने ‘वाइड सारगॅसो सी’त (१९६६) मांडली.

मार्क ट्वेनचा हकलबेरी फिन (१८८४) हा अडाणी गोरा पोरगा. पळालेल्या गुलामाला साथ देणे पाप, अशीच त्याची शिकवण. तराफ्यावरचा त्याचा सोबती जिम हा असाच पळालेला गुलाम. त्याचा ठावठिकाणा कळवणारे पत्र हक लिहितो आणि हलका होतो. मग तराफ्यावरच्या रात्री आठवतात: हकची झोप मोडू नये म्हणून जिम त्याच्याही पाळीचा पहारा द्यायचा. हक पत्र फाडतो आणि नरकात जायची तयारी ठेवतो. गुलामगिरी वाईट, हे तत्त्व त्याला पटलेले नसतेच. एका माणसाचे जागरण पुरेसे ठरते. पुढे मात्र कादंबरी घसरते. मृत्युपत्राने आधीच मुक्त झालेल्या जिमच्या सुटकेचा हकचा मित्र टॉम सॉयर पोरखेळ करतो, आणि जिमला काय वाटले असेल याची फिकीर कोणी करत नाही.

पर्सिव्हल एव्हरेटच्या ‘जेम्स’मध्ये (२०२४) हीच गोष्ट जिम सांगतो. मोडकीतोडकी बोली तो गोऱ्यांसमोरच बोलतो. आपल्या माणसांत त्याची भाषा स्वच्छ असते.