पॅकची मुदत संपणे आणि नंबर बंद होणे

तालुक्याच्या बसस्थानकासमोर रिचार्जच्या एका दुकानात उभा असताना एक मावशी बटणांचा साधा फोन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "तीन दिस झालं, कुणाचाच फोन येईना." दुकानदाराने फोन हातात न घेताच निदान केले, "पॅक संपलाय मावशी. दोनशेचा मारा, नायतर नंबर जाईल." मावशींकडे शंभराची एकच नोट होती. ती त्यांनी पुन्हा कनवटीला लावली आणि नंबर गेल्यासारख्याच चेहऱ्याने त्या पायरी उतरल्या. दुकानदाराच्या बोलण्याचा पहिला भाग खरा होता, दुसरा निदान त्या दिवशी तरी खरा नव्हता. पॅकची मुदत संपणे आणि नंबर बंद होणे या दोन निराळ्या घटना आहेत, त्यांची कारणे निराळी आहेत आणि त्यांना लागू होणारे नियमही निराळे आहेत. परंतु दोन्ही वेळी फोन सारखाच मुका होत असल्यामुळे बहुतेकांच्या मनात त्या एकच होऊन बसल्या आहेत.

पॅक हा कंपनीने ठरवलेल्या किमतीत ठरावीक दिवसांसाठी दिलेला सेवेचा गठ्ठा आहे. त्याचे दिवस संपले की प्रथम आउटगोइंग थांबते आणि काही दिवसांनी इनकमिंगही थांबते. ही मधली सवलत किती दिवसांची असावी हे प्रत्येक कंपनी आपापल्या धोरणाप्रमाणे ठरवते. इनकमिंगसाठीही पैसे भरावे लागतात ही गोष्ट आज सर्वांच्या अंगवळणी पडली असली तरी ती फार जुनी नाही. २००३ साली फोन करणाऱ्यानेच पैसे द्यावेत ही पद्धत आली आणि येणारा फोन फुकट झाला. पुढे २००६ च्या सुमारास 'लाइफटाइम' सिम आली, एकदा पैसे भरले की इनकमिंग कायमचे, आणि त्याच काळात मिस्ड कॉल ही गरिबाची तार झाली. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनी किमान रिचार्जची अट घातली तेव्हा ही सोय संपली. सुरुवातीला ही किमान रक्कम २८ दिवसांना ३५ रुपये होती. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर एअरटेल आणि व्होडाफोन आयडियाच्या २८ दिवसांच्या नेहमीच्या पॅकची किंमत १९९ रुपये झाली. शिवाय २८ दिवसांचा हा महिना वर्षातून बारा वेळा नव्हे, तर तेरा वेळा येतो. २८ दिवसांच्या या हिशेबावर त्या दरवाढीच्या आधीच बरीच ओरड झाली होती आणि त्यामुळे भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, जानेवारी २०२२ मध्ये प्रत्येक कंपनीने ३० दिवसांचा आणि दर महिन्याला त्याच तारखेला नूतनीकरण होणारा निदान एकेक पर्याय ठेवलाच पाहिजे असा आदेश काढला. असे पर्याय आज आहेत, पण दुकानाच्या भिंतीवरच्या तक्त्यात ते शोधावे लागतात.

नंबरचे आयुष्य मात्र या गठ्ठ्यावर अवलंबून नाही. ट्रायने २०१३ साली ग्राहक संरक्षण नियमांत दुरुस्ती करून असे ठरवले की प्रीपेड नंबर केवळ वापर नसल्याच्या कारणावरून ९० दिवसांच्या आत बंद करता येणार नाही. हे दिवस पॅक संपल्यापासून मोजायचे नसून शेवटच्या वापरापासून मोजायचे असतात. येणारा किंवा जाणारा कॉल, पाठवलेला एसएमएस, इंटरनेटचा वापर, यांपैकी काहीही एकदा घडले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. येणारा कॉल वापरात धरला जातो, परंतु येणारा एसएमएस धरला जात नाही. त्यामुळे ज्या फोनवर केवळ बँकेचे निरोप आणि ओटीपी येऊन पडतात आणि ज्यावरून कोणी बोलत नाही, तो फोन मालकाच्या दृष्टीने चालू असला तरी नियमाच्या दृष्टीने निपचित पडलेला असतो.

९० दिवस उलटल्यानंतरही नंबर लगेच जात नाही. खात्यात २० रुपये किंवा त्याहून अधिक शिल्लक असेल, तर कंपनीने तेवढी रक्कम कापून नंबर आणखी ३० दिवस राखला पाहिजे, आणि शिल्लक पुरेल तोवर हे असेच चालू राहते. शिल्लक संपून नंबर बंद झालाच, तरी तो पुन्हा सुरू करून घेण्यासाठी १५ दिवसांची सवलत असते. जानेवारी २०२५ मध्ये 'आता २० रुपयांत सिम चार महिने चालू, ट्रायचा नवा नियम' अशा बातम्या सर्वत्र फिरल्या. त्यांत नवे काहीच नव्हते, नियम दहा वर्षांहून जुना होता, आणि तसा खुलासाही करण्यात आला. त्याहून मोठी चूक 'चालू' या शब्दात होती. ते २० रुपये नंबर राखतात, सेवा देत नाहीत. त्या पैशांवर फोन येईल असे समजून बसणाऱ्याची फसगत ठरलेली आहे.

हा फरक कोणासाठी महत्त्वाचा आहे हे पाहायचे असेल तर बीडकडच्या ऊसतोड कुटुंबाचा विचार करावा. दिवाळीच्या आगेमागे बिऱ्हाड कारखान्याकडे निघते, मुकादमाशी बोलण्यापुरता एक फोन सोबत जातो आणि घरच्या बाईच्या नावावरचा, बँकेला आणि आधारला जोडलेला दुसरा साधा फोन पेटीत पडून राहतो. हंगाम सहा महिन्यांचा धरला तर पहिले ९० दिवस नियमानेच निभावतात आणि उरलेल्या ९० दिवसांसाठी दर ३० दिवसांना २० याप्रमाणे ६० रुपयांची शिल्लक लागते. येथे एक लहानसा खड्डा आहे. २० रुपयांचा टॉपअप, म्हणजे पॅकऐवजी नुसती शिल्लक वाढवणारा रिचार्ज, केला म्हणजे खात्यात २० रुपये जमा होत नाहीत, कर आणि प्रक्रिया शुल्क वजा होऊन १४ रुपये ९५ पैसेच जमा होतात. म्हणजे नंबर राखण्यासाठी मोठ्या विश्वासाने केलेला वीसचा टॉपअप एकट्याने त्या नियमाला पुरतच नाही. ५० रुपयांच्या टॉपअपचे ३९ रुपये ३७ पैसे आणि १० रुपयांच्या टॉपअपचे ७ रुपये ४७ पैसे होतात, त्यामुळे ६० रुपयांच्या शिल्लकीसाठी ५०, २० आणि १० असे मिळून ८० रुपये खर्ची पडतात. तरीही त्याच सहा महिन्यांत दर २८ दिवसांनी १९९ रुपये भरण्याच्या तुलनेत ही रक्कम किरकोळच आहे. निघण्यापूर्वी त्या फोनवरून एक कॉल करून, खात्यातील शिल्लक पाहून आणि तारीख लिहून ठेवून मगच फोन पेटीत टाकावा. केवळ टॉपअप केला एवढ्यावर विसंबू नये.

मात्र ज्याला फोन रोज बोलण्यासाठी हवा आहे, त्याला नंबर राखण्याच्या या युक्तीचा उपयोग नाही. त्याचा प्रश्न पॅकचा आहे आणि त्याचे उत्तरही पॅकमध्येच शोधले पाहिजे. साध्या फोनवर इंटरनेट वापरायचेच नसताना डेटाचे पैसे का भरावेत, हा रास्त प्रश्न अनेक वर्षे अनुत्तरित होता. २३ डिसेंबर २०२४ च्या दुरुस्तीने ट्रायने प्रत्येक कंपनीला केवळ कॉल आणि एसएमएस देणारा निदान एक पर्याय ठेवणे बंधनकारक केले, आणि अशा विशेष व्हाउचरची, म्हणजे पॅकची, कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांपर्यंत वाढवली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये ८४ दिवसांसाठी जिओने ४४८ आणि एअरटेलने ४६९ रुपयांचे डेटाविरहित पॅक आणले. १९९ चे तीन पॅक ५९७ रुपयांना पडतात, म्हणजे एअरटेलच्या ग्राहकाचे ८४ दिवसांत १२८ रुपये वाचतात. हिशेब चोख आहे, पण ज्या मावशींकडे शंभराची एकच नोट होती त्यांनी ४६९ रुपये एकरकमी कोठून आणायचे? किराणा पावशेराने घेणाऱ्याला तो महाग पडतो, तसेच येथेही घडते, आणि नियमाने कमाल मुदत वाढवली असली तरी या दोन कंपन्यांनी तेव्हा केवळ बोलण्यापुरता छोटा, स्वस्त पॅक काही आणला नाही. स्वस्त सेवेच्या नावाखाली जे मिळाले ते प्रामुख्याने आगाऊ पैसे भरू शकणाऱ्यांना मिळाले, असे माझे मत आहे.

दोन्ही गोष्टींची गल्लत झाल्याने होणारे नुकसानही दोन प्रकारचे असते. पॅक संपला म्हणजे नंबर गेला असे मानणारा माणूस उसनवारी करून रिचार्ज करतो, किंवा हताश होऊन सिम फेकतो आणि कोपऱ्यावरच्या छत्रीखाली नवी सिम घेतो. मग बँक, गॅस, रेशन सगळीकडे नंबर बदलत फिरण्यात त्याची मजुरी बुडते. याउलट नंबर आपला आहे म्हणजे तो कायमचाच, असे मानणाऱ्याला नियमाची शेवटची पायरी ठाऊक नसते. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणालाही दिला जात नाही, हे ट्रायने २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयातही सांगितले. परंतु त्यानंतर तो दुसऱ्या ग्राहकाला मिळू शकतो. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी मागवला जाऊ लागला, तेव्हा तो नंबर केव्हाच आपल्या हातून गेला आहे हे कळून आधार केंद्राच्या रांगेत उभे राहिलेल्या बायकांची अडचण हीच होती.

कंपन्यांच्या बाजूने पाहिले तर त्या नियम मोडतात असे सरसकट म्हणता येणार नाही. खटकते ती त्यांची भाषा. पॅक संपत आला की 'तुमची सेवा बंद होईल' असा निरोप दिवसातून दोनदा येतो, पण 'तुमचा नंबर अमुक तारखेपर्यंत सुरक्षित आहे' हे एक वाक्य त्यात कधी नसते. सेवा आणि नंबर यांतील फरक ग्राहकाला न कळण्यात कोणाचा फायदा आहे, हे उघड आहे.

त्या दिवशी मी मावशींना पायरीखाली गाठले आणि शेवटचा फोन केव्हा आला होता ते विचारले. "आयतवारी, लेकीचा," त्या म्हणाल्या. तो रविवार पाच दिवसांपूर्वीचा होता, म्हणजे त्यांच्या नंबरला अजून ८५ दिवस कोणीही हात लावू शकत नव्हते. तेवढे ऐकून त्या जरा सैलावल्या, मग म्हणाल्या, "पर लेकीचा फोन न्हाई ना येणार?" नाही, तो येणार नव्हता.