लक्ष फक्त 8 सेकंद टिकतं? हा आकडा आला कुठून

'माणसाचं लक्ष आता 8 सेकंदच टिकतं, गोल्डफिशपेक्षाही कमी. म्हणून ऑनलाइन गोष्ट छोटीच सांगा', हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्याला आधार नाही. आकडा पसरला तो मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या 2015 च्या अहवालामुळे. पण तो त्यांच्या स्वतःच्या संशोधनातला नव्हता. 'स्टॅटिस्टिक ब्रेन' नावाच्या वेबसाइटवरून घेतलेला होता. 2017 मध्ये बीबीसीने त्याचा माग काढला, तेव्हा त्यामागचा अभ्यास कुणालाच दाखवता आला नाही. गोल्डफिशचं म्हणाल, तर शिकवलेली गोष्ट हे मासे कित्येक आठवडे लक्षात ठेवतात, हे प्रयोगांत दिसलंय.

मुळात लक्षाला असा एक ठरलेला आकडा नसतोच. समोर काय आहे आणि त्यात आपल्याला किती रस आहे, यावर ते अवलंबून असतं. छोटे व्हिडिओ जरूर करावेत, पण या आकड्याच्या धाकाने मोठी गोष्ट कापू नये, असं मला कळकळीने वाटतं. न्यूयॉर्क टाइम्सने 2012 मध्ये एका हिमस्खलनाची सहा भागांची प्रदीर्घ कथा नकाशे आणि व्हिडिओंसह ऑनलाइन मांडली. तिला पुढच्याच वर्षी पुलित्झर हा पत्रकारितेतला मानाचा पुरस्कार मिळाला. 2014 मध्ये 'सीरियल' या पॉडकास्टने एकाच खून खटल्यावर 12 भाग केले, आणि जगभरातले लाखो लोक ते ऐकत राहिले.